खांदेरी जागतिक वारसा यादीत, पण तिथलं दीपगृह अजूनही ड्युटीवर!

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा दिला. कोल्हापूरकरांसाठी या यादीतलं हक्काचं नाव म्हणजे पन्हाळा. त्याच यादीत अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोरचा खांदेरीही आहे. या बेटावर १८६७ पासून एक दीपगृह उभं आहे.

खांदेरी एवढं महत्त्वाचं का?

कारण जागा! मुंबई बंदराकडे दक्षिणेतून येणाऱ्या जहाजांवर इथून नजर ठेवता येते. म्हणूनच १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही विरोधात उतरले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने बेट राखलं. पुढे सत्ता बदलली आणि इंग्रजांनी याच बेटावर सुमारे २५ मीटर उंच, अष्टकोनी दीपगृह बांधलं.

जीपीएस असताना दीपगृह कशाला?

प्रत्येक दीपगृहाची प्रकाश टाकण्याची लय ठरलेली असते. किती वेळा आणि किती सेकंदांनी दिवा लुकलुकतो, यावरून खलाशी ते दीपगृह ओळखतो. जीपीएसचा सिग्नल जाम होऊ शकतो, छोट्या बोटीवरचा मोबाईल बंद पडू शकतो. अशा वेळी डोळ्यांना दिसणारा दिवाच कामी येतो.

मग अडचण कुठे आहे?

किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे, तर बेटाचा ताबा वर्षानुवर्षं मुंबई पोर्ट ट्रस्टकडे राहिला. इथल्या वेतोबावर कोळी बांधवांची श्रद्धा आहे. आता पर्यटकही वाढणार. म्हणजे एवढ्याशा बेटावर चार जणांचा हक्क!

कायद्याने एक वाट दिली आहे. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यात, एखाद्या दीपगृहाला 'वारसा दीपगृह' जाहीर करण्याची तरतूद आहे. पण नुसत्या पाटीने काम भागत नाही. जेट्टी, पिण्याचं पाणी, कचरा आणि पर्यटकांची मर्यादा हे आधी ठरवावं लागेल.

पन्हाळ्यावरही हाच पेच आहे. तिथे किल्ल्यातच लोक राहतात, नगरपरिषद चालते. पन्हाळ्याची वस्ती असो की खांदेरीचा दिवा आणि वेतोबा, वारसा जपताना त्यांना अडगळ समजलं, तर मागे फक्त सेल्फी पॉइंट उरेल.