हातचं तेल आणि पळतं तेल

मी कॉन्व्हेंटवाला. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे.

भिवंडी म्हटलं की लोकांना लूमचा खडखडाट आठवतो. पण आमच्या मागावर जे पॉलिएस्टर चढतं, त्याचं मूळ कच्च्या तेलात आहे. नॅफ्थापासून पॅराझायलीन, त्यापासून पीटीए आणि पुढे धागा. तेल महागलं की यार्न महागतं, आणि यार्न महागलं की शिफ्ट कमी होते. म्हणजे तेलाचा प्रश्न फक्त पेट्रोल पंपावरचा नाही, कारागिराच्या चुलीचाही आहे.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. २०२२ मध्ये चीनला बेइबू आखातात समुद्राखालच्या शेलमधून तेल मिळालं. असं काही वाचलं की हॉस्टेलमध्ये प्रश्न येतोच, "मग आपण का नाही?"

प्रश्न बरोबर आहे, पण आधी गणित मांडू या. मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडकाच्या छिद्रांत आहे, तिथून ते वाहत विहिरीत येतं. शेल म्हणजे चिखलाचा घट्ट खडक. तेल त्यातच तयार होतं, पण सहज वाहत नाही. आडवी विहीर खोदून, पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत सोडून खडक फोडावा लागतो. त्यातही अशा विहिरीचं उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने घटतं, म्हणून सतत नव्या विहिरी लागतात. अमेरिकेत जमिनीवर ट्रकमागे ट्रक उभे करता येतात. समुद्रात वाळू, पंप, माणसं, सगळं बोटीने न्यायचं आणि प्लॅटफॉर्मवर जागा मोजकीच. आपल्याकडे तर जमिनीवरही गाडी फार पुढे गेलेली नाही. ओएनजीसीला २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेल गॅस मिळाला, २०१३ मध्ये सरकारने धोरण आणलं, पण व्यापारी उत्पादन काही उभं राहिलं नाही.

आता हातचं बघा. 'सागर सम्राट'ने १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. जगभरच्या तेलक्षेत्रांतून सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच तेल वर येतं, बाकीचं खडकातच राहतं. ते काढायला पाणी किंवा गॅस आत सोडणं, जुन्या विहिरीतून नवी फांदी काढणं असे उपाय आहेत. याच क्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी कंपनीला तांत्रिक सहाय्यक म्हणून घेतलं. या कामाला ग्लॅमर नाही, पण थेंबे थेंबे तळे साचे ते इथेच.

दुसरी गोष्ट माणसांची. २७ जुलै २००५ ला, म्हणजे मुंबईच्या त्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, एक जहाज मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं, आग लागली आणि २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ ही बार्ज बुडाली, त्यात ७० हून अधिक माणसं गेली. त्यातले बरेचसे कंत्राटी कामगार होते. आपल्याला 'ऑफशोअर' म्हटलं की पॅकेज दिसतं. वादळाचा इशारा मिळाल्यावर बार्ज वेळेत किनाऱ्याला आणणं हेसुद्धा इंजिनिअरिंगच आहे, हे आपण कधी शिकणार?

शेलचा अभ्यास नको असं मी म्हणत नाही. मुंबई हायचं बरंचसं तेल पन्ना फॉर्मेशनच्या शेलमध्ये तयार झालं असं भूवैज्ञानिक मानतात. त्याचे नमुने जरूर तपासा, प्रोजेक्ट करा. पण खर्चाचा क्रम ठरवायचा तर आधी माणसांची सुरक्षा, मग जुनं क्षेत्र, आणि त्यानंतर समुद्रातलं शेल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं परवडायला आपण काही श्रीमंत देश नाही.

कुणाला पटत नसेल तर मेसमध्ये भेटा. येताना आकडे मात्र घेऊन या!