संगणक अभियंता : अष्टपैलू की तज्ज्ञ?

शैक्षणिक कर्जाचे अर्ज तपासताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. अर्जदार संगणकशास्त्राचा विद्यार्थी असतो आणि फाईलला चार-पाच लघु अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे जोडलेली असतात. सोबतचे पालक हळूच विचारतात, ‘साहेब, याने सगळे थोडे थोडे शिकावे, की एकच काही धरून राहावे?’ कर्ज देणाऱ्याने यावर बोलावे का, हा प्रश्नच आहे. परंतु परतफेड बरीचशी त्याच उत्तरावर अवलंबून असल्याने मत मांडण्याचे धाडस करतो.

‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्या तोंडी तयारच असते. त्यामुळे एका गोष्टीत पारंगत व्हा, असा सल्ला देणे सोपे. पण पारंगत कशात? नव्वदच्या दशकात संगणक वर्गांतून फॉक्सप्रो हौसेने शिकले जाई. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची पुढील आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले. अडोबीच्या फ्लॅशचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. केवळ साधनात तज्ज्ञ झालेल्याचे भवितव्य त्या साधनाच्या आयुष्याशी बांधले जाते.

यावर कोबॉलचा दाखला दिला जातो. १९५९ साली आकारास आलेली ही भाषा आजही अनेक बँकांच्या व्यवहारांचा भार वाहते. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्यांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. मग एकाच भाषेला धरून राहिलेले शहाणे ठरले नाहीत का? मला तसे वाटत नाही. भाषेचे नियम काही महिन्यांत आत्मसात होतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या आज्ञावलीत कोणती अट कशासाठी घातली आहे, हे ओळखणारी माणसे दुर्मीळ असतात.

आपल्याच व्यवसायातील उदाहरण घ्या. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळे. १० तारखेच्या आत पैसे भरण्याची धावपळ जुन्या ग्राहकांना आठवत असेल. खात्यात एक लाख रुपये असून २५ तारखेस नव्वद हजार काढले, तर त्या महिन्याचे व्याज दहा हजारांवरच! रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१० पासून ही आकारणी दैनंदिन शिलकीवर होऊ लागली. वरवर पाहता हा एका सूत्राचा बदल. पण मागील तारखेपासून लागू होणारी नोंद आली किंवा खाते मध्येच बंद झाले तर काय करायचे, हे सूत्र सांगत नाही. ते ज्याला कळले, त्याने उद्या भाषा बदलली तरी ते ज्ञान त्याच्यापाशीच राहते.

म्हणून माझे मत असे, की विस्तार साधनांचा असावा आणि खोली विषयाची. हा विषय बँकिंगच हवा असे नाही. विदासंचय किंवा संगणक सुरक्षा यांतही आयुष्यभर पुरेल इतकी खोली आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञावलीचा मसुदा क्षणार्धात लिहून देते. त्यामुळे निव्वळ भाषाज्ञानाचे मोल आणखी उतरणार. (तंत्रज्ञान विभागातील माझे सहकारी शाखेत बदली झाली की कुरकुरतात. काऊंटरवरची दोन वर्षे वाया जातात, हे मला पटत नाही.)

हल्ली पालकांनी तो प्रश्न विचारला, की मी वरचेच २५ तारखेचे उदाहरण विद्यार्थ्यापुढे ठेवतो आणि दैनंदिन शिलकीवर व्याज किती होईल ते कागदावर मांडायला सांगतो. काही जण लगेच भ्रमणध्वनी काढतात. एखादाच आधी विचारतो, ‘सर, २५ तारीख धरायची की नाही?’ कर्जमंजुरीशी याचा अर्थातच काही संबंध नसतो.