अळीच्या पेशीत बनलेली फ्लूची लस: घ्यावी की नाही?

मागच्या ऑक्टोबरात न्यू जर्सीहून एका जुन्या पेशंटच्या मुलाचा फोन आला. आई चार महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेली. वय ६८, मधुमेह. फ्लूची लस घ्यायला गेल्यावर तिथल्या फार्मासिस्टने ‘फ्लुब्लॉक’ सुचवली. मुलाने मोबाइलवर शोधलं आणि ‘ही लस किड्याच्या पेशीत बनते’ एवढंच आईच्या कानावर पडलं. काकू पक्क्या शाकाहारी. “डॉक्टर, त्यापेक्षा साधीच द्यायला सांगू का?”

साधी लस कोंबडीच्या अंड्यात बनते, हे सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली.

फ्लूच्या बहुतेक लशी आजही अंड्यातच तयार होतात. पद्धत जुनी आणि सुरक्षित आहे, पण वेळखाऊ. विषाणू निवडल्यापासून लस हाती येईपर्यंत साधारण सहा महिने जातात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा लस कुठेच तयार नव्हती.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. अंड्यात वाढताना विषाणू स्वतःला बदलून घेतो. २०१६-१७ च्या लशीतल्या एच३एन२ विषाणूत असंच झालं होतं. बाहेर फिरणाऱ्या विषाणूच्या प्रथिनावर साखरेचं एक आवरण होतं, ते लशीतल्या विषाणूवर नव्हतं. त्यामुळे शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी खऱ्या विषाणूला नीट ओळखेनात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना दर हंगामासाठी अंड्यातल्या लशींना वेगळे आणि बाकीच्या लशींना वेगळे विषाणू सुचवते. २०२५-२६ साठीही एच३एन२ दोन्ही याद्यांत वेगळा होता.

फ्लुब्लॉकमध्ये फ्लूचा विषाणू वाढवतच नाहीत. त्याच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या एकाच प्रथिनाचा जनुक, फक्त कीटकांना लागण करणाऱ्या बॅक्युलोव्हायरसमध्ये बसवतात. हा विषाणू अळीच्या पेशींत शिरतो आणि त्या पेशी ते प्रथिन बनवू लागतात. मग ते वेगळं काढून शुद्ध करतात. लशीत फ्लूचा विषाणू नसल्यामुळे तिच्यापासून फ्लू होणं शक्य नाही.

ही अळी आपल्या मका शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. २०१८ पासून त्यांना छळणारी अमेरिकन लष्करी अळी ती हीच! पण लशीसाठी कोणी रोज अळ्या मारत नाही. १९७० च्या दशकात एकदा काढलेल्या पेशींचाच वंश प्रयोगशाळेत वाढत आला आहे. पुण्यात बनलेली कोव्होव्हॅक्स ही कोविडची लसही अशाच पेशींतून आली. बाळांना देतो ती हिपॅटायटिस बीची लस यीस्टमध्ये बनते, तत्त्व तेच.

मग ही लस जास्त चांगली का? फ्लुब्लॉकमध्ये प्रत्येक विषाणूचं ४५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, साध्या लशीत १५. २०१४-१५ मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांवर झालेल्या चाचणीत साध्या लशीपेक्षा फ्लूचे रुग्ण सुमारे ३० टक्के कमी आढळले. नंतर कॅलिफोर्नियात सोळा लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात ५० ते ६४ वयोगटात हा फरक १५ टक्क्यांच्या आसपास होता, आणि रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे फायदा आहे, चमत्कार नाही. पासष्टीपुढच्यांसाठी अमेरिकेत २०२२ पासून ज्या तीन प्रकारच्या लशींना प्राधान्य आहे, त्यांत हिचा समावेश आहे.

इथे महाराष्ट्रात असाल तर मात्र या लशीची वाट पाहत बसू नका. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो. मधुमेह, दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर पावसाआधी, मिळेल ती चालू वर्षाची लस घ्या. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून टाळू नका, डॉक्टरांना तसं सांगून दवाखान्यातच घ्या. पूर्वी फ्लूच्याच लशीने गंभीर अ‍ॅलर्जी झाली असेल, तर आधी बोलणं गरजेचं आहे.

काकूंनी मला एकच विचारलं, “अळी मरते का हो त्यात?” नाही म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी लस घेतली. दंड दोन दिवस दुखला.