जुने गाणे पुन्हा गाताना

जुनी गाणी पुन्हा गाऊन त्यांचा संग्रह काढणाऱ्या गायकाकडे समीक्षक सहसा संशयाने पाहतात. नवे काही सुचेनासे झाले की कलावंत स्मरणरंजनाकडे वळतो, असा त्यामागचा समज असतो. तो पुष्कळदा खरा ठरतो, पण सरसकट खरा नाही. कोठे खरा नाही हे पाहण्यासाठी आशा भोसले यांचे दोन संग्रह शेजारी ठेवून ऐकावेत, असे आम्ही सुचवू. मंगेशकर भावंडांच्या आई, माई, या धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या थाळनेरच्या. त्यामुळे खानदेशात या आवाजाविषयी आजोळचा जिव्हाळा आहे. अर्थात जिव्हाळा म्हणजे समीक्षा नव्हे. या विषयाशी खानदेशाचा संबंध त्याहून खोल आहे. त्याकडे पुढे येऊ.

राहुलदेव बर्मन ४ जानेवारी १९९४ रोजी गेले. १९९६ साली आशाबाईंचा 'राहुल अँड आय' हा संग्रह आला. लेस्ली लुईस यांनी बर्मन यांच्या चालींना तेव्हाच्या पॉप संगीताचा ठेका दिला होता. गाणी लोकप्रिय झाली. तरीही आज ऐकताना जाणवते की, या संग्रहाला काळाची भीती वाटते. गाणे जुने आहे हे श्रोत्याच्या ध्यानात येऊ नये, यासाठीच सारा खटाटोप चाललेला आहे. परिणाम असा की, जो ठेका तेव्हा ताजा होता तोच आता सर्वांत शिळा वाटतो. चाली मात्र तशाच टवटवीत आहेत.

२००५ साली क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य-चौकडीबरोबर त्यांनी बर्मन यांचीच गाणी पुन्हा गायली. 'यू हॅव स्टोलन माय हार्ट' हे त्या संग्रहाचे नाव. तबल्यावर झाकीर हुसेन आणि पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान यांची साथ होती. आशाबाईंनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती आणि आवाज ते लपवीत नाही. या संग्रहात 'इजाजत' (१९८७) या चित्रपटातील गुलजारांचे गाणे आहे. दुरावलेल्या माणसाकडे आपले मागे राहिलेले काही परत मागणारी स्त्री त्यात बोलते. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी चाल बांधणारा माणूस हयात होता. २००५ मध्ये त्याला जाऊन अकरा वर्षे झाली होती. शब्द तेच आहेत, चालही तीच आहे. पण आता परत मागायचे ते कोणाकडे, हा प्रश्न गाण्यात आपोआप उभा राहतो. हे स्मरणरंजन नव्हे. स्मरणरंजन मधली वर्षे पुसून टाकते; येथे मधली वर्षेच गात आहेत.

आमच्या पिढीला हा फरक ओळखायला उशीर लागला, याचेही कारण आहे. जळगाव-धुळ्याच्या दुकानांतून ऐंशी-नव्वदच्या दशकांत स्वस्त कॅसेटी मिळू लागल्या, त्यांतील कित्येक जुनी गाणी दुसऱ्याच गळ्यांतून आलेली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन टी-सीरिजने अशा पुनर्गायनाचा मोठा व्यवसाय उभा केला. २०१२ च्या दुरुस्तीने पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबण्याचे बंधन घातले. कायद्याने गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळले, हे योग्यच झाले. पण पुन्हा गाणे म्हणजे एक तर नक्कल, नाही तर सवलतीतला माल, ही समजूत आमच्या मनात त्या काळापासून रुजली ती रुजलीच.

खरे तर 'मूळ गाणे' ही कल्पना ध्वनिमुद्रणाबरोबर दृढ झाली. त्याआधीची रीत पाहायला खानदेशाला दूर जावे लागत नाही. येथे जात्याला घरोट म्हणतात. घरोटावर गायली जाणारी ओवी आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे येई आणि प्रत्येक जण तीत आपले दुःख मिसळी. त्यांतली मूळ ओवी कोणती, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) या परंपरेत वाढल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी उतरवून घेतलेली त्यांची गाणी सोपानदेवांमुळे आचार्य अत्र्यांपर्यंत पोहोचली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती छापली गेली नसती तर आपण एका थोर कवयित्रीला मुकलो असतो, यात शंका नाही. पण छापताच गाण्याचा एक पाठ 'मूळ' ठरला. पुढे त्यांना लागलेल्या चालीही तशाच ठरून गेल्या. आज ही गाणी गाणारे बहुतेक जण तीच चाल गिरवतात, आणि गिरवताना बोलीचे हेल मात्र गुळगुळीत करून टाकतात. म्हणजे जे जपायला हवे होते ते गेले, आणि जे बदलायला हरकत नव्हती ते पूज्य झाले.

आज घरोट माळ्यावर गेला आणि दळण गिरणीत गेले. त्या श्रमांसाठी कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण श्रमाबरोबर गाणे आपले करून घेण्याचा हक्कही गेला, ही हानी मोठी आहे. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. पुन्हा गायलेले गाणे ऐकताना ते मुळाइतके चांगले आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवावा. मधल्या काळात गाणाऱ्याचे काय झाले, ते त्यात ऐकू येते का, हे विचारावे. जेथे ऐकू येत नाही, तेथे गाणारा कितीही सुरेल असला तरी आपण जुनी तबकडीच लावलेली बरी.