गोळी लिहितानाच ती कमी करण्याची तारीख लिहा

औषधाच्या पाकिटावर लाल चौकट असेल तर ते विकताना आम्हा मेडिकलवाल्यांना वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. १ मार्च २०१४ पासून हा नियम आहे. तारीख, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम ही घबराटीची आणि झोपेची औषधं या यादीत आहेत. साताऱ्यात फार्मासिस्ट म्हणून मी हे रजिस्टर वर्षानुवर्षं भरते आहे आणि तीच ती नावं पुन्हा पुन्हा लिहिते आहे. निवृत्त शिक्षक, एसटीतले माजी कंडक्टर, नवरा गेल्यापासून डोळ्याला डोळा न लागलेल्या काकू. कुणी नशा करायला येत नाही. सगळे चिठ्ठी घेऊन येतात, पैसे देतात, ‘ताई, तेवढी झोपेची द्या’ म्हणतात आणि जातात. हा माणूस किती वर्षांपासून गोळी घेतोय आणि ती कधी कमी करायची, याला रजिस्टरमध्ये रकाना नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही नसतो.

अल्प्राझोलामचं नाव पेपरात येतं ते मालेगावात नशेसाठी विकल्या जाणाऱ्या ‘कुत्ता गोळी’च्या बातमीत. धाड, जप्ती, अटक. तेच औषध आपल्या आईच्या उशाशी, चष्म्याच्या डबीशेजारी असतं, हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘एम्स’च्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत वैद्यकीय सल्ल्याशिवाय गुंगीची औषधं घेणारे सुमारे १ कोटी १८ लाख लोक आढळले. चिठ्ठीवर इमानेइतबारे घेणारे या आकड्यात धरलेलेच नाहीत. मला काळजी त्यांची वाटते.

औषध वाईट आहे असं मी म्हणणार नाही. छातीत धडधडून जीव जाईल असं वाटणाऱ्या माणसाला या गोळीने अर्ध्या तासात उतार पडतो. आकडीच्या रुग्णाचा तर ती जीव वाचवते. पण ती काम कशी करते ते पाहा. मेंदूची खळबळ शमवणारं ‘गाबा’ नावाचं रसायन आपल्या शरीरात असतंच. गोळी त्याचा जोर वाढवते. रोज बाहेरून असा जोर मिळायला लागला की काही आठवड्यांत मेंदू स्वतःचा प्रतिसाद कमी करतो. मग तेवढीच गोळी पुरत नाही, आणि गोळी चुकली की धडधड, घाम, कापरं, जाग्रण दुप्पट होऊन येतं. पेशंटला वाटतं, जुना आजार उलटला. घरच्यांना वाटतं, बघा, गोळी सोडली की हिला त्रास होतो, म्हणजे गोळी हवीच. या एका गैरसमजावर माणसं वीस-वीस वर्षं काढतात.

हे काही आजचं ज्ञान नाही. या जातीचं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं, डायझेपाम १९६३ साली. आपल्याकडे ते ‘कांपोज’ म्हणून घराघरात पोचलं. १९८८ मध्येच ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना सांगितलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या सगळ्या वर्गावर अवलंबित्वाचा ठळक इशारा छापायला लावला.

आपल्याकडे तर आणखी एक गुंता आहे, आणि तो काउंटरच्या आतल्या बाजूनेच नीट दिसतो. उदासीवरचं एस्सिटालोप्राम आणि घबराटीवरचं क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. त्यातलं पहिलं औषध महिनोन्‌महिने चालवायचं असतं, दुसरं काही आठवड्यांत थांबवायचं असतं. एकाच गोळीत असल्यावर एक ठेवून दुसरं कमी कसं करणार? पोटाच्या मुरड्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. ‘मी टेन्शनची गोळी घेत नाही हो, फक्त पोटाची घेते,’ असं एक आजी मला ठासून सांगत होत्या. पाकिटावरची बारीक अक्षरं त्यांना कोण वाचून दाखवणार?

आमच्या पेठेतल्या एका काकूंचं सांगते. त्यांची हरकत नाही. यजमान गेले तेव्हा त्यांना रात्रीची पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलाम दहा दिवसांसाठी दिली होती. चिठ्ठी पुढे चालत राहिली आणि काही वर्षांत ती अर्धा मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, इथवर गेली. पुण्याहून मुलगा आला, त्याने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि ‘आई, तुला व्यसन लागलंय’ म्हणत गोळ्या काढून घेतल्या. तिसऱ्या दिवशी काकूंच्या हातातली आमटीची वाटी थरथरून सांडत होती. फोन वाजला तरी त्या दचकत होत्या. मुलाचा हेतू चांगला होता, पण अशी गोळी एकदम तोडली की आकडी येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. दोघांना मी त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं.

डॉक्टरांनी आधी जुना डोस पुन्हा सुरू केला. काकूंना स्थिर होऊ दिलं. मग तेवढाच डोस पाव मिलिग्रॅमच्या गोळ्यांत बदलून दिला, म्हणजे दिवसाला चार, आणि तीन-चार आठवड्यांतून एकदा त्यातल्या एका गोळीचा चतकोर कमी. मी गोळी कापायचं छोटं यंत्र मागवून दिलं. काकूंच्या घरी कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायची पद्धत. त्याच्या खालीच त्यांनी ‘पावणेचार’, ‘साडेतीन’ लिहायला सुरुवात केली. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, आहे तिथेच थांबा, वर चढू नका, उतरायची घाईही नको. दुपारची झोप बंद, उठायची वेळ ठरलेली, झोप येईना तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं, हे सगळं त्याबरोबर चाललं होतं. वर्षाहून जास्त लागलं. आता त्या गोळीशिवाय झोपतात. मधूनच एखादी रात्र जागून काढतात आणि घाबरत नाहीत.

दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, आणि तेही पेशंटला सोसेल त्या बेताने, ही आज जाणकारांची शिफारस आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षं या पेशंटांसाठी स्वतंत्र दवाखाना चालवला आणि हेच दाखवून दिलं. आपल्याकडे ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून व्यसनी माणसाला आजारी माणूस म्हणून पाहायला शिकवलं. पण डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निमूट घेणारी आजी व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढणार नाही, आणि तिने का चढावी? तिच्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. सरकारला हे जड नाही.

डॉक्टरांनाही माझी विनंती आहे: पहिल्या चिठ्ठीवरच ‘अमुक तारखेपासून कमी’ असं लिहा. ओपीडीत पन्नास पेशंट खोळंबलेले असतात, मला कळतं. एक ओळ लिहायला लागतो तेवढाच वेळ लागेल.

आणि घरच्यांनो, आई-वडिलांच्या गोळ्या लपवू नका, त्यांना रागावू नका. आजपासून बंद, असं तर मुळीच करू नका. त्या गोळीबरोबर दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध पोटात जात नाही ना, एवढं मात्र आजच पाहा. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. नंतर सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा, ‘यातलं काय कमी करता येईल?’ कुणाकडे जावं कळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.