चोरवाटेचा गुन्हा कोणाचा?

‘चोरवाट’ हा आपल्या भाषेतील मोठा अन्यायी शब्द आहे. वाटेने जाणाऱ्याला तो चोर ठरवितो. हमरस्ता कोणी आणि का बंद केला, याची चौकशी मात्र करीत नाही. इंटरनेटवरील बंदी घातलेल्या सेवांकडे लोक का वळतात, याची आज चालणारी चर्चा या शब्दाइतकीच एकतर्फी आहे. बंदी ओलांडणारा माणूस एक तर देशद्रोही असला पाहिजे, नाही तर विकृत तरी, असे गृहीत धरूनच सत्ताधारी बोलतात आणि सुशिक्षित मध्यमवर्ग मान डोलावतो. या गृहीतकाचा समाचार घेणे अगत्याचे झाले आहे. कारण त्याच्या आडोशाने राज्यसत्ता आणि बाजार हे दोघेही सामान्य माणसाला नागवीत आहेत.

काश्मीरचे उदाहरण घ्या. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री खोऱ्यातील दूरध्वनी, मोबाइल आणि इंटरनेट एकाच वेळी बंद करण्यात आले. पुण्यात किंवा दिल्लीत शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना घरचे सुखरूप आहेत की नाही, हे कळण्याचा मार्ग उरला नाही. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी श्रीनगरचे विद्यार्थी आगगाडीने बनिहालला जाऊ लागले. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. त्यानंतर त्याच महिन्याच्या २५ तारखेला सरकारने काय दिले? मंदगती टू-जी सेवा आणि सरकारमान्य ३०१ संकेतस्थळांची यादी! समाजमाध्यमे त्या यादीत नव्हती. नागरिकाने काय वाचावे आणि कोणाशी बोलावे, याचे रेशनकार्डच जणू सरकारने काढले.

लोकांनी मग व्हीपीएनचा आश्रय घेतला. ही काही जादू नव्हे. आपला फोन आणि दूर कोठे तरी असलेले एक यंत्र यांच्यामध्ये हे साधन एक बंदिस्त बोगदा तयार करते. आपण बोगद्यात शिरलो एवढेच मोबाइल कंपनीला दिसते. पलीकडे कोठे गेलो हे दिसत नाही. हजारो कंपन्यांचे कर्मचारी घरून काम करताना हेच साधन वापरतात, आणि त्यावर देशभर सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. तरीही १७ फेब्रुवारी २०२० रोजी श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनद्वारे समाजमाध्यमांचा ‘दुरुपयोग’ करणाऱ्यांविरुद्ध बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदविला. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सुद्धा लावलेले होते. महाराष्ट्रातील वाचकाला हे कलम चांगले आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा याच कलमाची देशभर चर्चा झाली होती आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले होते. रद्द झालेले कलम पोलिसांच्या हाती पाच वर्षांनी जिवंत असावे आणि घरी निरोप धाडू पाहणारा नागरिक मात्र गुन्हेगार ठरावा, याला कायद्याचे राज्य म्हणावयाचे काय? समाजमाध्यमे मार्च २०२० मध्ये खुली झाली; फोर-जी सेवा साऱ्या प्रदेशात परत यावयास ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. अठरा महिने!

तेव्हा पहिले सत्य हे, की बंदीने गरज मरत नाही. ती फक्त अंधारात जाते आणि अंधारात दुसरा सत्ताधीश उभा असतो. त्याचे नाव बाजार.

फुकटचा बोगदा कोण खणतो आणि कशासाठी? २०१६ साली ऑस्ट्रेलियातील सरकारी विज्ञानसंस्थेच्या संशोधकांसह काही अभ्यासकांनी अँड्रॉइड फोनवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांपैकी ३८ टक्क्यांत घातक संगणकीय प्रणालीच्या खुणा आढळल्या आणि १८ टक्के ॲप माहितीचे सांकेतिक रूपांतरच करीत नव्हती. म्हणजे बोगद्याच्या भिंतीच काचेच्या होत्या. ‘होला’ नावाची फुकट सेवा आपल्या ग्राहकांचीच जोडणी परस्पर विकते, हे २०१५ मध्ये उघडकीस आले. फेसबुकने २०१३ मध्ये ‘ओनाव्हो’ ही कंपनी विकत घेतली. ‘तुमचे संरक्षण करतो’ असे सांगणारे तिचे ॲप, लोक कोणत्या प्रतिस्पर्धी सेवा किती वापरतात याची टेहळणी मालकाला पुरवीत होते. व्हीपीएनमुळे विश्वासाची गरज संपत नाही. मोबाइल कंपनीवर ठेवलेला विश्वास आपण बोगद्याच्या मालकावर ठेवतो, एवढेच.

येथे एक ऐतिहासिक भेद ध्यानात घेतला पाहिजे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला, डॉ. राममनोहर लोहियांचे त्याला मार्गदर्शन होते. १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत ब्रिटिशांची बंदी मोडून तो बोलत राहिला. तीही सरकारच्या लेखी चोरवाटच होती. परंतु ती चळवळीने बांधलेली होती. ऐकणाऱ्याला लुटण्याचा विचारही तिच्या चालकांच्या मनाला शिवला नव्हता. आजची चोरवाट बहुधा व्यापाऱ्याच्या मालकीची असते आणि वाटसरू हाच तिचा माल असतो.

अशा वेळी लोकाभिमुख सरकारने प्रामाणिक सेवांना बळ दिले असते. आपल्या सरकारने उलट केले. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाने व्हीपीएन सेवांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद पाच वर्षे जपावी, असे फर्मावण्यात आले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला मात्र त्यातून सूट! भांडवलदाराचे गुपित ते व्यापारी रहस्य आणि नागरिकाचे गुपित ते कारस्थान, असा हा न्याय आहे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. नोंदी न ठेवण्याचा करार ग्राहकाशी करणाऱ्या अनेक परदेशी सेवांनी भारतातील आपली यंत्रे काढून घेतली. ज्यांना ना कायद्याची चाड ना ग्राहकाची, त्यांना कोणता निर्देश अडविणार?

कोणी विचारील, मग जुगाराचे अड्डेही मोकळे सोडावयाचे काय? मुळीच नाही. गरिबाच्या मजुरीवर टपलेल्या पैशाच्या ऑनलाइन खेळांना आमचा विरोधच आहे, आणि बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींना तर क्षणभरही थारा असता कामा नये. प्रश्न बंदी असावी की नसावी एवढाच नसून ती कोणावर असावी, हा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यातील शिक्षा खेळ चालविणारे, त्याची जाहिरात करणारे आणि पैशाचे व्यवहार पार पाडणारे यांना आहेत, खेळणाऱ्याला नाहीत. हे तत्त्व योग्य आहे. तथापि बेकारीने पिचलेल्या तरुणाला एका रात्रीत श्रीमंत होण्याचे स्वप्न का पडते, याचा विचार त्या कायद्यातही नाही. काम नसलेला तरुण उद्या परदेशातील अड्ड्याचा पत्ता शोधील आणि तेथे बुडालेल्या पैशाची दाद त्याने कोठे मागावी?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दुहेरी काम आहे. जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले की लेखी हुकूम मागितला पाहिजे, त्याची कारणे आणि मुदत जाहीर करावयास भाग पाडले पाहिजे. न्यायालयाने दिलेला हा हक्क न वापरल्यास तो कागदावरच राहील. दुसरे काम वस्तीवस्तीत शिकविण्याचे आहे. आपल्या भागात कोणता हुकूम लागू आहे ते आधी जाणून घ्यावे. व्हीपीएन ॲप घेण्यापूर्वी ते कोण चालवितो आणि त्याचे पोट कशावर भरते, हे विचारावे. उत्तर मिळत नसेल तर ते घेऊ नये. निरोपातून आलेल्या दुव्यावरून कोणतेही ॲप फोनमध्ये उतरवू नये. ते फोनमधील नावे, संदेश किंवा छायाचित्रे मागत असेल तर नकार द्यावा. ओटीपी आपणच सांगितला किंवा आपल्या नावाच्या खात्यात आपणच शिरलो, तर कोणताही बोगदा आपल्याला लपवीत वा वाचवीत नाही. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. फसविला गेलेला माणूस बंदी मोडल्याच्या भीतीने तोंड उघडत नाही, हेच लुटारूचे सर्वांत मोठे भांडवल असते. ते भांडवल हिरावून घेणे आपल्या हाती आहे.

सुरक्षितता ही आज्ञाधारकपणाबद्दल सरकारने द्यावयाची बक्षिसी नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. तो हमरस्त्यावर मिळत नसेल, तर गुन्ह्याची पहिली नोंद रस्ता बंद करणाऱ्याच्या आणि दुसरी वाटमाऱ्याच्या नावावर झाली पाहिजे.