भांगाचा शनिवार

थंडी जाता जाता प्रत्येकाला काहीतरी खूळ लावून जाते. कुणी हुरड्याला पळतं, कुणी अलिबागला. मी यंदा रॉड-रील घेतला. पगाराच्या दिवशी, अर्थातच! आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे सहाला वांद्रे रेक्लमेशनच्या खडकांवर हजर. समोर माहीमचा उपसागर, डोक्यावर मंकी कॅप, गळाला कोळंबी. साडेनऊपर्यंत उभा होतो. मिळालं काय? एक प्लॅस्टिकची पिशवी.

म्हटलं, पकडता येत नाही तर विकत घेऊ. आमच्या अकाउंट्समधल्या मित्राची आई मासळी बाजारात बसते. करंदीच्या वाट्याचा भाव ऐकून मी पटकन बोलून गेलो, ‘मावशी, ओळखीच्यांनाही लुटता काय?’ मावशी काहीच बोलल्या नाहीत. मित्राने मात्र मला बाजूला घेतलं. ‘कॅलेंडर बघितलंस? आज अष्टमी. भांग आहे.’

भांग म्हणजे होळीची नव्हे हो! अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ते उधाण. तेव्हा मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो. अष्टमी-नवमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात, म्हणून फरक जेमतेम दीड मीटर. हा भांग. पाणी नुसतं सुस्त पडून राहतं.

आता डोल जाळं कसं चालतं बघा. मोठी पिशवीच ती, समुद्रात एका जागी बांधलेली. ती माशामागे जात नाही. पाण्याचा ओढ बोंबील, मांदेली, जवळा, करंदी तिच्यात ढकलतो. ओढच नसेल तर पिशवी रिकामी. डिझेल मात्र तेवढंच, खलाशांचा पगारही तेवढाच. आणि जूनमध्ये बंदी लागते, म्हणजे वर्षाची कमाई करायला हातात हेच महिने. मी ज्याला लूट म्हणालो तो हा हिशेब होता. मुकाट्याने त्याच भावाला वाटा घेतला.

मित्राने मग एक गणितही शिकवलं. एक्सेल लागत नाही. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, खरं तर थोडं पुढेच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे शनिवारी मी पोचलो तेव्हा भांगाची भरती होऊन चुकली होती. मी उतरत्या, मरतुकड्या पाण्यात गळ टाकून बसलो होतो!

गळवाल्याला हवं चढतं पाणी आणि उजाडतीची वेळ. दोन्ही जुळतात एकादशीला. सव्वाआठपर्यंत पाणी चढतं आणि भांगही सुटलेला असतो. (एकादशी आणि मासे! आईला सांगू नका.) या दिवसांत पहाटेचा मतलई वारा मंद असतो, पाणी शांत. दुपारी खारा वारा सुटला की लाटा खडकावर आपटतात, दोरी धड दिसत नाही. मार्चमध्ये हाच खारा वारा उशिरा येतो आणि आपण एसीचा रिमोट शोधत फिरतो.

प्रॉब्लेम एकच. एकादशी मंगळवारी होती. चंद्राला वीकएंड नसतो.

तरी गेलो. सव्वासहा ते साडेआठ. दोन शिंगाळ्या लागल्या. शिंगाळीचा काटा विषारी असतो, फडक्याने धरा. मिठी नदीचं पाणी याच उपसागरात उतरतं, त्यामुळे खायचा विचार न करता दोन्ही परत सोडल्या. दहाला मी डेस्कवर. शेजारची दोनदा परफ्यूम मारून गेली.

येत्या शनिवारी पौर्णिमेचं उधाण आहे. गळ घरीच राहील. मावशींकडे जायचंय, करंदी घ्यायला. आणि भाव न करता.